दमट किनाऱ्यावरचे सीपॅप: यंत्राआधी मास्क आणि वीज पाहावी

झोपेत घसा मिटून श्वास अडण्याच्या विकारावर, म्हणजे ऑब्स्ट्रक्टिव्ह स्लीप ॲप्नियावर, नाकावर मास्क बांधून हवेचा दाब देणारे जे यंत्र वापरतात, त्याला सर्वजण सीपॅप म्हणतात. त्यातला, गरजेप्रमाणे दाब आपोआप कमी-जास्त करणारा प्रकार मी वर्षाहून अधिक काळ रोज रात्री वापरत आहे. घर रत्नागिरी तालुक्यात आहे, कौलारू आहे आणि समुद्र इतका जवळ आहे की खिडकीचे गज दर दोन-तीन वर्षांनी रंगवावे लागतात. कंपनीच्या माहितीपत्रकातले यंत्र मात्र बंद खोलीत, कोरड्या हवेत आणि कधीही न जाणाऱ्या विजेवर चाललेले असते. आमच्याकडे यांपैकी काहीच नसल्यामुळे हे परीक्षण त्याच अंगाने लिहिले आहे.

यंत्राचे काम समजायला सोपे आहे. झोप लागली की जिभेचे आणि घशाचे स्नायू सैल पडतात. ज्यांचा घसा मुळात अरुंद असतो किंवा मानेभोवती चरबी असते, त्यांच्या घशाच्या भिंती एकमेकींना चिकटतात, छाती ओढत राहते पण हवा आत जात नाही, रक्तातला प्राणवायू उतरतो, आणि मेंदू माणसाला क्षणभर जागे करून श्वास सुरू करतो. माणसाला सकाळी यातले काही आठवत नाही; आठवते ते शेजारी झोपणाऱ्याला. असे अडथळे तासाला किती येतात, त्या आकड्याला एएचआय म्हणतात. प्रौढांमध्ये ५ ते १५ सौम्य, १५ ते ३० मध्यम आणि ३० च्या वर तीव्र, अशी त्याची सर्वमान्य विभागणी आहे. सीपॅप खोलीतलीच हवा गाळून घेते आणि पाइपमधून नाकात हलक्या दाबाने सोडत राहते. सायकलच्या ट्यूबमध्ये हवा असेपर्यंत ती जशी चिमत नाही, तसा त्या दाबाने घसा उघडा राहतो. हा दाब पाण्याच्या स्तंभाच्या सेंटिमीटरमध्ये मोजतात आणि घरगुती यंत्रांत तो ४ ते २० सेंटिमीटर इतका ठेवता येतो. दहा सेंटिमीटर म्हणजे वातावरणाच्या दाबाचा जेमतेम शंभरावा भाग, पण घसा उघडा ठेवायला बहुतेकांना तेवढ्याच्या आसपासचा दाब पुरतो. ऑस्ट्रेलियातील सिडनी येथील डॉक्टर कॉलिन सुलिव्हन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात ही पद्धत प्रसिद्ध केली, आणि मूळ कल्पनेत त्यानंतर फारसा बदल झालेला नाही. यात प्राणवायूचे नळकांडे नसते, हे मुद्दाम सांगावेसे वाटते, कारण मास्क पाहिला की वाडीत दुसऱ्या दिवशी ‘काकांना ऑक्सिजनवर ठेवलंय’ अशी बातमी फिरते आणि भेटायला माणसे येऊ लागतात.

विकत घेताना लोक यंत्राच्या कंपनीवर आणि पडद्याच्या आकारावर चर्चा करतात. माझ्या मते त्याहून जास्त विचार मास्कचा करावा, कारण चांगले यंत्र आणि न बसणारा मास्क यांची जोडी आठवडाभरात कपाटात जाते. मास्क तीन प्रकारचे मिळतात: नाकपुड्यांना टेकणारा छोटा, नाकावर बसणारा, आणि नाक-तोंड दोन्ही झाकणारा. नाकाने नीट श्वास घेता येत असेल तर नाकावरचा मास्क पुष्कळ सुखाचा. तोंड उघडे ठेवून झोपणाऱ्याच्या बाबतीत मात्र हवा तोंडावाटे निसटते आणि सकाळी घसा कोरडा पडतो, अशांना तिसरा प्रकार घ्यावा लागतो. आमच्याकडच्या पुरवठादाराच्या माणसाने मास्क खुर्चीत बसवून, यंत्र चालू न करता, नुसता चेहऱ्याला लावून दाखवला आणि ‘सवय झाली की बसेल’ असे सांगून तो निघून गेला. ही पद्धत चुकीची आहे. आडवे झाल्यावर गाल आणि जबड्याची ठेवण बदलते, म्हणून मास्क झोपून, कुशीवर वळून आणि प्रत्यक्ष दाब चालू असताना बघावा. गळती होते म्हणून पट्टे आवळत गेल्यास नाकाच्या वर वळ उठतात आणि गळती तशीच राहते. बहुधा आकारच एक नंबर चुकलेला असतो. मास्कला जी बारीक भोके असतात ती उच्छ्वास बाहेर जाण्यासाठी असतात, तिथून येणारी हवा ही गळती नव्हे. घरातल्या कोणी ती चिकटपट्टीने बंद करू नयेत.

मिशांचा प्रश्न खरा आहे. भरघोस मिशी असणाऱ्यांना नाकावरचा मास्क खालच्या कडेने सुटतो आणि नाकपुड्यांना टेकणारा प्रकार अनेकदा जास्त चांगला बसतो. दुसरा प्रश्न खोबरेल तेलाचा. रात्री डोक्याला आणि तोंडाला तेल लावून झोपण्याची आपल्याकडची सवय सिलिकॉनला मानवत नाही. तेलाने मास्कची कड निसरडी होते, फुगते आणि वेळेआधी बाद होते. तेल सकाळी लावावे, आणि रात्री तोंड धुऊन, पुसून मगच मास्क लावावा. मास्कची कड रोज सौम्य साबणाच्या पाण्याने धुवावी हे सगळेच सांगतात, पण तेल लावणाऱ्या माणसाला ते दुप्पट लागू आहे.

आता दमटपणाविषयी, कारण कोकणात या यंत्राची खरी परीक्षा तिथे होते. बहुतेक यंत्रांना पाण्याची लहान टाकी आणि ती तापवणारी पट्टी असते, जेणेकरून दाबाची हवा नाक कोरडे करू नये. थंड-कोरड्या प्रदेशात ही सोय आवश्यक ठरते. आमच्याकडे जून ते सप्टेंबर या काळात हवाच इतकी ओली असते की टाकी तापवल्यास पाइपमध्ये पाणी साचते, मध्यरात्री गुरगुर आवाज येऊ लागतो आणि शेवटी एखादा थेंब नाकात जातो. उष्ण ओली हवा पाइपच्या गार भिंतीला लागली की तिच्यातल्या वाफेचे पाणी होते, एवढेच त्याचे कारण. पंखा थेट पाइपवर असेल किंवा खोलीत एसी असेल तर ते अधिक होते. त्यामुळे पावसाळ्यात मी टाकी रिकामी ठेवतो किंवा तापवण्याची पातळी सर्वांत खाली आणतो, आणि नाकाला त्याचा काहीच त्रास होत नाही. डिसेंबर-जानेवारीत पहाटे घाटाकडून जो कोरडा गार वारा उतरतो, त्या दिवसांत मात्र तीच टाकी उपयोगी पडते. पाइपला कापडी खोळ घातल्यास आणि यंत्र उशीच्या पातळीपेक्षा खाली, एखाद्या स्टुलावर ठेवल्यास साचलेले पाणी नाकाकडे न येता मागे जाते. आपोआप तापणारा पाइप महाग मिळतो. किनाऱ्यावर राहणाऱ्याने त्यावर पैसे घालण्याआधी वर्षभर साध्या पाइपवर काढून पाहावे, असे माझे मत आहे.

टाकीत डिस्टिल्ड वॉटरच घालावे. जांभ्यातल्या विहिरीचे पाणी कितीही गोड असले तरी त्यातले क्षार तळाशी बसतात, आणि उकळल्याने जंतू मरतात, क्षार जात नाहीत. इन्व्हर्टरच्या बॅटरीसाठी गॅरेजमध्ये जे पाणी मिळते ते स्वस्त असते, पण ते श्वासात घेण्यासाठी बनवलेले नसते. औषधांच्या दुकानातून सीलबंद बाटली आणावी. उरलेले पाणी सकाळी ओतून टाकी उघडी ठेवावी. पावसाळ्यात पाइप धुतला तर दोन दिवस वाळत नाही आणि आत काळी बुरशी धरण्याची भीती असते, म्हणून धुतल्यावर तो यंत्राला जोडून, मास्क न लावता, काही वेळ नुसती हवा जाऊ द्यावी. उन्हात टाकू नये, प्लास्टिक कडक होते.

यंत्र खोलीतली हवा ओढते हे लक्षात ठेवले तर पुढच्या गोष्टी आपोआप कळतात. मच्छर अगरबत्ती लावलेल्या खोलीत ते चालवले तर धूर गाळणीतून पूर्ण अडत नाही आणि रात्रभर नाकात जातो. मच्छरदाणी हाच उपाय, आणि तीही पाइप चिमटला जाणार नाही अशा बेताने खोचायची: यंत्र दाणीच्या बाहेर, पाइप उशाकडच्या कोपऱ्यातून आत. गाळणी, म्हणजे हवा शिरते तिथला पांढरा चौकोन, माहितीपत्रकात सांगितलेल्या मुदतीपेक्षा आमच्याकडे लवकर करडी होते. ती स्वस्त असते, पाच-सहा एकदम मागवून ठेवाव्यात. खाऱ्या हवेने विजेच्या पिनेवर हिरवट थर येतो, तो कोरड्या फडक्याने पुसत राहावे. बहुतेक यंत्रांच्या पुस्तिकेत वापराचे तापमान ३५ अंशांपर्यंत आणि आर्द्रता, हवेतल्या वाफेचे पाणी न होण्याच्या अटीवर, ९५ टक्क्यांपर्यंत दिलेली असते. जुलैतल्या रात्री आपण त्या मर्यादेच्या काठावरच असतो, हे जाणून यंत्र भिंतीला चिकटून किंवा गळक्या कौलांखाली ठेवू नये.

विजेच्या बाबतीत या यंत्राचे मला कौतुक वाटते. त्याचा अडॅप्टर १०० ते २४० व्होल्टपर्यंत चालतो, त्यामुळे संध्याकाळी विजेचा दाब उतरून ट्यूबलाइट लुकलुकते तेव्हाही यंत्र शांत चालू असते. लाईट जाते ती गोष्ट वेगळी. हवा दाबणाऱ्या मोटरला थोडीच वीज लागते. खरी खाणारी गोष्ट पाणी तापवणारी पट्टी आहे. ती बंद ठेवली तर घरातल्या १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तासांच्या इन्व्हर्टरवर, एखादा पंखा धरूनही, रात्र सहज निघते. इन्व्हर्टर मात्र साइन वेव्ह असावा. जुने चौकोनी लहरींचे इन्व्हर्टर अशा नाजूक अडॅप्टरला मानवत नाहीत. बॅटरीवरून थेट चालवण्यासाठी कंपनीचा डीसी कन्व्हर्टर वेगळा मिळतो, तो घेण्याजोगा आहे. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर दापोली-मंडणगडकडे कित्येक गावे दिवसच्या दिवस अंधारात होती. अशा वेळी इन्व्हर्टरही भरता येत नाही, आणि मोटारीची बॅटरी व तो कन्व्हर्टर एवढाच आधार उरतो. मध्यरात्री वीज गेल्यास नाक-तोंड झाकणाऱ्या मास्कमध्ये बाहेरची हवा घेणारी झडप असते, तरी मास्क काढून ठेवावा. हवा यायची थांबली की जाग बहुधा येतेच.

आवाजाबद्दल लिहिण्यासारखे थोडे आहे. पंख्यापेक्षा तो कमी असतो आणि कौलांवर पाऊस पडत असताना ऐकूच येत नाही. नोंदी पाहण्यासाठी मोबाइलचे ॲप असते, पण गावात नेटवर्क कधी असते कधी नसते. यंत्रातले मेमरी कार्ड काढून डॉक्टरांना दाखवणे अधिक भरवशाचे. त्यात दोनच आकडे पाहायचे: मास्क लावल्यानंतर उरलेला एएचआय, जो ५ च्या खाली असावा, आणि गळती. माझे दोन्ही आकडे पहिल्या मास्कवर वाईट होते, मास्क बदलल्यावर सुधारले. यंत्र तेच होते. दुपारी वर्तमानपत्र हातात धरून पेंगणे थांबले आणि मुंबई-गोवा महामार्गावर गाडी चालवताना परशुराम घाटात जे डोळे जड व्हायचे ते होत नाहीत, एवढा फरक मी स्वतः सांगू शकतो. रक्तदाबाबद्दल डॉक्टरांनी अजून गोळी तशीच ठेवली आहे आणि यंत्र लावले म्हणून ती परस्पर कोणी बंद करू नये.

कोविडच्या काळात घेतलेली यंत्रे आता ओळखीपाळखीतून स्वस्तात मिळतात. त्यांपासून दूर राहावे, याला दोन कारणे आहेत. त्यांतली बरीच यंत्रे श्वास घेताना एक आणि सोडताना दुसरा दाब देणारी बायपॅप असतात, ज्यांची गरज आणि मांडणी वेगळी असते. दुसरे कारण अधिक गंभीर आहे. जून २०२१ मध्ये फिलिप्सने २६ एप्रिल २०२१ पूर्वी बनलेली आपली अनेक सीपॅप, बायपॅप व व्हेंटिलेटर यंत्रे जगभर परत बोलावली, कारण आवाज कमी करण्यासाठी आत घातलेला पॉलियुरेथेनचा फोम झिजून त्याचे कण व वायू श्वासात जाण्याचा धोका होता. उष्णता, दमटपणा आणि ओझोनने साफ करण्याची उपकरणे यांनी तो फोम लवकर खराब होऊ शकतो, असे कंपनीनेच कळवले होते. आपल्या किनाऱ्याची हवा डोळ्यांसमोर ठेवून ते वाक्य वाचावे. जुने यंत्र घ्यायचेच असेल तर मॉडेल, बनल्याची तारीख आणि अनुक्रमांक तपासल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

नवे यंत्र साधारण तीस ते साठ हजारांच्या दरम्यान मिळते आणि मास्क वेगळा. काही पुरवठादार महिन्याच्या भाड्यावर देतात, तो मार्ग मला अधिक शहाणपणाचा वाटतो, विशेषतः जुलैतला एक महिना त्यात येत असेल तर. आधी छातीच्या किंवा कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडून झोपेची चाचणी करून घ्यावी. आता ती घरी बोटाला आणि छातीला पट्टे लावूनही होते. पुरवठादाराशी व्यवहार ठरवताना किमतीत घासाघीस करण्यापेक्षा तीन गोष्टी लेखी घ्याव्यात: मास्क न बसल्यास किती दिवसांत बदलून देणार, बिघाड झाल्यास यंत्र दुरुस्तीला कुठे जाणार, आणि तोवर बदली यंत्र मिळणार की नाही. पावसात घाट बंद झाला की कोल्हापूरहून येणारा माणूस येत नाही आणि कुरिअरही पडून राहते, म्हणून मास्कची एक जादा कड आणि एक पाइप मे महिन्यातच घरात आणून ठेवलेला बरा.