घरच्या सर्व्हरचे ड्राइव्ह आणि बॅकअपचं सामान : दिवाळी ते पावसाळा वापरून

ज्यांना घाई आहे त्यांच्यासाठी निकाल आधीच सांगतो. नॅससाठी (घरच्या नेटवर्कवर सगळ्यांच्या फायली ठेवणाऱ्या सर्व्हरसाठी) म्हणून विकले जाणारे, सीएमआर प्रकारचे (म्हणजे काय ते पुढे येतंच), कुठल्याही नावाजलेल्या कंपनीचे दोन हार्ड ड्राइव्ह घ्या आणि तो विषय तिथेच मिटवा. उरलेलं डोकं आणि उरलेले पैसे यूपीएस, केबल आणि घराबाहेर ठेवायची प्रत यांवर घालवा. गेल्या दिवाळीपासून आमच्या कोथरूडच्या फ्लॅटमध्ये हे सगळं चोवीस तास चालू आहे. या काळात ड्राइव्हनी कुरकुर केली नाही. जो काही ताप झाला तो त्यांच्या आजूबाजूच्या स्वस्त सामानानं दिला.

मांडणी अशी आहे : ऑफिसातून निघालेला, रिफर्बिश्ड म्हणून घेतलेला डेस्कटॉप, १६ जीबी रॅम, ट्रूनॅस ही सर्व्हरची ऑपरेटिंग सिस्टिम, बूटसाठी छोटा एसएसडी आणि ४ टीबीचे दोन ड्राइव्ह झेडएफएस या फाइल सिस्टिमच्या मिररमध्ये, म्हणजे दोन्हींवर तोच डेटा. त्यावर घरातल्या सगळ्यांच्या फोनचे फोटो, बाबांनी स्कॅन केलेले सातबारे आणि खरेदीखतं, आमच्या लग्नाच्या कॅसेटवरून उतरवलेला व्हिडिओ आणि बायकोच्या गाण्याच्या क्लासची रेकॉर्डिंग. सिनेमे नाहीत म्हणून ४ टीबी पुरतात. खोक्यावर ४ टीबी आणि स्क्रीनवर ३.६४ दिसतं, त्यात फसवणूक नाही. कंपनी दशमान पद्धतीनं मोजते आणि ट्रूनॅस १०२४ च्या पटीत, एवढंच.

ड्राइव्ह निवडताना एकच प्रश्न महत्त्वाचा : सीएमआर की एसएमआर? सीएमआरमध्ये डेटाचे पट्टे शेजारी शेजारी, सुटे असतात. एसएमआरमध्ये कौलारू छपरावर एक कौल दुसऱ्यावर चढलेलं असतं तसे डेटाचे पट्टे एकमेकांवर थोडे चढवलेले असतात. तेवढ्याच जागेत जास्त माल मावतो, पण मधला एक पट्टा बदलायचा तर शेजारचेही पुन्हा लिहावे लागतात. रोज थोडं थोडं लिहिताना हे जाणवत नाही. मिररमधला एक ड्राइव्ह गेला आणि नव्यावर सगळा डेटा उतरवायला बसलं की जाणवतं. ड्राइव्हची दमछाक होते, आणि कधी कधी तो इतका वेळ उत्तर देत नाही की सिस्टिम त्यालाच मेलेला समजते. २०२० मध्ये वेस्टर्न डिजिटलवर याच कारणानं टीकेची झोड उठली होती. नॅससाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या रेड मालिकेतल्या २ ते ६ टीबीच्या काही मॉडेलांत एसएमआर आहे हे कंपनीला मान्य करावं लागलं. त्यानंतर सीएमआरवाले ड्राइव्ह 'रेड प्लस' या नावानं वेगळे झाले. म्हणून नुसतं 'रेड' वाचून घेऊ नका, 'प्लस' बघा. सीगेटचे आयर्नवुल्फ आणि तोशिबाचे एन३०० सीएमआरच आहेत. सीगेटचा ४ टीबीचा बाराकुडा मात्र एसएमआर आहे. तो डेस्कटॉपसाठी ठीक, इथे नको.

मी एक रेड प्लस आणि एक आयर्नवुल्फ घेतला, मुद्दाम वेगवेगळ्या दुकानांतून. एकाच कंपनीच्या एकाच लॉटमधले दोन ड्राइव्ह एकाच वयाचे असतात आणि त्यांच्यात काही खोट असेल तर तीही सारखीच असते. ४ टीबीच्या ड्राइव्हमध्ये सेक्टरची (डेटाच्या छोट्या कप्प्यांची) संख्या सगळ्या कंपन्यांची सारखीच ठेवलेली असते, त्यामुळे मिरर जुळवताना अडचण आली नाही. एन३०० नाकारला तो आवाजामुळे. तो ७२०० आरपीएमचा आहे आणि आमचा सर्व्हर हॉलमध्ये आहे.

तपकीर गल्लीत, पुण्याच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात, चौकशी करायला गेलात तर पहिला हात सीसीटीव्हीच्या ड्राइव्हकडे जाईल. "साहेब, हाच न्या, चोवीस तास चालतो, सगळे कॅमेरेवाले हाच नेतात." म्हणणं खोटं नाही. स्कायहॉक आणि पर्पल हे चोवीस तास चालण्यासाठीच बनवलेले आहेत. पण त्यांचं फर्मवेअर, म्हणजे ड्राइव्हच्या आतलं सॉफ्टवेअर, अनेक कॅमेऱ्यांचा प्रवाह सलग लिहीत राहण्यासाठी बेतलेलं असतं. सर्व्हरमध्ये ते चालतील, पण पाचशे-हजार रुपयांच्या फरकासाठी मी घेणार नाही. बिलावर सिरीयल नंबर लिहून घ्या आणि दुकानातच उभं राहून कंपनीच्या साइटवर तो टाकून बघा. रेड प्लस आणि आयर्नवुल्फ दोघांनाही ३ वर्षांची वॉरंटी आहे. बाहेरून आणलेला माल असेल तर तिथेच कळतं की भारतात ती लागू नाही. दुकानदार थोडा वैतागतो, वैतागू दे.

आणखी एक तपासणी. २०२५ च्या सुरुवातीला जर्मनीत सीगेटचे वापरलेले ड्राइव्ह नवे म्हणून विकले गेल्याचं उघड झालं. त्यांच्या स्मार्ट नोंदीतले (ड्राइव्ह स्वतःच्या तब्येतीची ठेवतो ती नोंद) चाललेले तास पुसून शून्य केलेले होते. पण सीगेटच्या ड्राइव्हमध्ये फार्म नावाची आणखी एक नोंद असते आणि तिच्यात खरे तास तसेच राहिले होते. स्मार्टसीटीएल या नोंदी वाचायच्या प्रोग्रॅमच्या नव्या आवृत्तीत ती वाचता येते. माझ्या आयर्नवुल्फच्या दोन्ही नोंदी जुळल्या, तेव्हाच त्याचं पाकीट टाकलं. त्यानंतर दोन्ही ड्राइव्हवर बॅडब्लॉक्स हा तपासणीचा प्रोग्रॅम लावून काठोकाठ लिहून-वाचून घेतलं. ४ टीबीला यात दोन-अडीच दिवस सहज जातात. हा कंटाळा करू नका. कारखान्यातून येताना जे बिघडायचं ते पहिल्या आठवड्यातच कळलेलं बरं, तेव्हा दुकानदार बदलून देतो.

खोक्यावरच्या '१० लाख तास एमटीबीएफ'चा (बिघाडांमधल्या सरासरी वेळेचा) अर्थ ड्राइव्ह ११४ वर्षं चालेल असा नाही. वर्षाचे तास ८,७६०. त्या हिशेबानं असे शंभर ड्राइव्ह वर्षभर चालवले तर साधारण एक जाईल. लाखांनी ड्राइव्ह चालवणाऱ्या बॅकब्लेझ या कंपनीचा २०२४ चा प्रत्यक्षातला आकडा १.५७ टक्के होता. म्हणजे कुठल्या कंपनीचा घ्यावा यावर रात्र रात्र जागण्यासारखं त्यात काही नाही. कुठलाही घेतला तरी तो एक दिवस जाणार हे धरूनच चालायचं.

आता केबलची गंमत. मार्चमध्ये ट्रूनॅसनं इशारे द्यायला सुरुवात केली. आयर्नवुल्फ मध्येच दिसेनासा व्हायचा, परत यायचा. ड्राइव्ह गेला असं मानून मी बिल शोधायला घेतलं, तेवढ्यात स्मार्टचा तक्ता उघडला. त्यात ५, १९७ आणि १९८ या ओळी शून्य होत्या. ५ म्हणजे खराब म्हणून बदललेले सेक्टर, १९७ म्हणजे संशयित, १९८ म्हणजे वाचताच न आलेले. वाढत होता तो फक्त १९९, म्हणजे सीआरसीच्या, पाठवलेला डेटा जसाच्या तसा पोचला का या पडताळणीतल्या, चुका. या चुका चकतीवर होत नाहीत, ड्राइव्ह आणि मदरबोर्डच्या मधल्या वाटेवर होतात. झाकण उघडलं तर डेस्कटॉपबरोबर आलेली साटा केबल, लोखंडी क्लिप नसलेली, पंख्याच्या थरथरीनं किंचित सैल झालेली. क्लिपवाली नवी केबल शे-दीडशे रुपयांत आली. १९९ चा आकडा कधी मागे जात नाही, त्यामुळे आधीची संख्या आजही तिथे तशीच दिसते. पण केबल बदलल्या दिवशी तो जिथे थांबला तिथेच आहे. दहा-बारा हजारांचा ड्राइव्ह मी जवळजवळ परत पाठवत होतो. मशीन जुळवताना दोन्ही केबली नव्याच टाका, आणि क्लिप लागल्याचा 'टक' ऐकल्याशिवाय झाकण लावू नका.

यूपीएसबद्दल मात्र लांबण लावणार आहे. पुण्यात गुरुवार म्हणजे काय हे पुणेकराला सांगायला नको. त्या दिवशी देखभालीसाठी वीज गेली की ती सकाळी जाते आणि दुपारी कधीतरी येते. ते एक वेळ परवडलं, निदान आधी माहीत असतं. खरा घात वळवाच्या पावसात होतो. एप्रिल-मेच्या संध्याकाळी वारा सुटला की वीज पाच सेकंदांसाठी जाते, येते, पुन्हा जाते. झेडएफएस अर्धवट लिहिलेलं सांभाळून घेतं, पण ड्राइव्हच्या मोटरला आणि जुन्या पॉवर सप्लायला हे हिसके सोसवत नाहीत. घरात इन्व्हर्टर आहे म्हणून यूपीएस नको, हे मी बऱ्याच जणांकडून ऐकलं. घरगुती इन्व्हर्टर साध्या मोडवर असेल तर बदली व्हायला जो क्षण जातो त्यात पंखा फिरत राहतो, कॉम्प्युटर रीस्टार्ट होतो. आणि इन्व्हर्टर सर्व्हरला सांगू शकत नाही की वीज गेली आहे, बॅटरी संपत आली आहे.

म्हणून ६०० व्हीएचा यूपीएस घेताना मागच्या बाजूला यूएसबीचं पोर्ट आहे ना, एवढं बघा. स्वस्तातल्या मॉडेलांना ते नसतं. दुकानदार "चार्जिंगला आहे ना पोर्ट" म्हणून पुढचं दाखवतो, ते वेगळं. डेटाचं पोर्ट हवं. ते सर्व्हरला जोडलं की ट्रूनॅसमधली यूपीएस सेवा वीज गेल्याचं ओळखते. मी पाच मिनिटं थांबून शांतपणे बंद व्हायला सांगून ठेवलंय. सर्व्हर, राउटर आणि फायबरचा डबा मिळून अर्धा-पाऊण तास निघतो, पण तेवढा ताणायची गरजच नाही. एक खोच आहे. सर्व्हर बंद झाला आणि यूपीएसची बॅटरी संपायच्या आत वीज आली, तर बायॉसला (मशीन सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रॅमला) वीज गेल्याचं कळतच नाही आणि मशीन बंदच राहतं. चांगले यूपीएस सर्व्हर बंद झाल्यावर स्वतःचा पुरवठाही तोडतात, म्हणजे वीज आल्यावर सगळं आपोआप सुरू होतं. माझा तेवढा शहाणा नाही. आईला बटण दाखवून ठेवलंय. आत १२ व्होल्ट ७ एएचची साधी बॅटरी असते, दोन-तीन वर्षांनी बदलावी लागेल असं धरून चला.

उष्णतेचं थोडक्यात. एप्रिलमध्ये टीव्हीखालच्या बंद कपाटात ड्राइव्ह ४७ अंशांपर्यंत गेले. दार काढून टाकलं, पुढे १२० मिलिमीटरचा पंखा लावला, ४१ वर आले. रेड प्लसच्या कागदावर ६५ अंशांपर्यंत चालतं लिहिलंय, पण माझी हद्द ४५. माळ्यावर ठेवायचा विचार असेल तर सोडून द्या, टॉप फ्लोअरचा माळा मे महिन्यात भट्टी होतो. विजेचा खर्च महिन्याला साधारण २३ युनिट, सतत ३२ वॅट धरून.

मिरर म्हणजे बॅकअप नव्हे, हे वाक्य सगळीकडे वाचायला मिळतं. आमच्या मुलीनं ते सिद्ध केलं. फोन भरला म्हणून तिनं गणपतीचे फोटो पुसले आणि त्याबरोबर सर्व्हरवरचा फोल्डरही. मिररनं इमानेइतबारे दोन्ही ड्राइव्हवरून तो पुसला. परत मिळाला तो स्नॅपशॉटमुळे, म्हणजे झेडएफएस त्या त्या क्षणीची स्थिती जपून ठेवतं त्यामुळे. रोज रात्री एक निघतो, जागा जवळपास खात नाही, आणि फोल्डर मिनिटाभरात जागेवर आला. ट्रूनॅस बसवलं की त्याच दिवशी हे सुरू करा.

पण स्नॅपशॉटही त्याच डब्यात असतात. आमच्या आजोबांचं घर नारायण पेठेत होतं. १२ जुलै १९६१ ला पानशेत धरण फुटलं, पुण्यात पूर आला आणि त्याआधीचा एकही फोटो आमच्या घराण्यात उरला नाही. आजीच्या लग्नातला फोटो आम्हाला मिळाला तो मुंबईच्या आत्याकडे होता म्हणून. फार जुनी गोष्ट वाटत असेल तर २५ जुलै २०२४ ला सिंहगड रोडच्या एकता नगरीत पुराचं पाणी शिरलं ते आठवा. तळमजल्यावर सर्व्हर असेल तर मिररचे दोन्ही ड्राइव्ह एकाच पाण्यात बुडतात.

त्यासाठी ५ टीबीचे दोन पोर्टेबल ड्राइव्ह घेतले. एक घरी, एक चिंचवडला ताईकडे. जेवायला जाऊ तेव्हा अदलाबदल होते. हे अडीच इंची ड्राइव्ह एसएमआर असतात, आणि इथे ते चालतं, कारण यावर सलग लिहायचं असतं आणि मग कपाटात ठेवायचं असतं. रेस्टिक या बॅकअपच्या प्रोग्रॅमनं प्रत निघते. ती कूटबद्ध असते, त्यामुळे ड्राइव्ह लोकलमध्ये विसरला तरी सातबारे कुणाच्या हाती लागणार नाहीत. पासवर्ड मात्र कागदावर लिहून लॉकरमध्ये ठेवलाय. तो गेला तर प्रत असून नसल्यासारखी. मधूनमधून त्या ड्राइव्हवरून एखादा व्हिडिओ खरंच परत काढून बघतो.

ताईकडच्या ड्राइव्हसाठी झाकण घट्ट बसणारा प्लॅस्टिकचा डबा आणि त्यात सिलिका जेलच्या पुड्या. पावसाळ्यात कॅमेऱ्याच्या लेन्सला बुरशी धरते ते घर म्हटल्यावर एवढं हवंच. कपाटात ठेवायला एसएसडी घेऊ नका. जेडेक या चिपांची मानकं ठरवणाऱ्या संस्थेच्या मानकानुसार घरगुती एसएसडीनं, लिहिण्याची मर्यादा गाठल्यावर, वीज नसताना ३० अंशांत एक वर्ष डेटा टिकवायचा असतो. नवा असेल तर जास्त टिकतो, पण आपल्या उन्हाळ्यात बंद कपाटात किती, याच्या भरवशावर मला बसायचं नाही. क्लाउडवर फक्त कागदपत्रं आहेत. सगळ्या फोटोंचं दरमहा भाडं भरण्यापेक्षा ताईकडे जेवायला जाणं परवडतं.

सध्या मिररमध्ये २.६ टीबी भरलंय. ८० टक्क्यांच्या पुढे गेलं की झेडएफएस मंदावायला लागतं, म्हणजे पुढच्या वर्षभरात ८ टीबीकडे जावं लागेल. त्यासाठी सगळं उचकटायचं नाही. एक ड्राइव्ह काढून मोठा लावायचा, डेटा उतरू द्यायचा, मग दुसरा. दोन्ही मोठे झाले की जागा आपोआप वाढते. आधी कुठला काढायचा हेही ठरलंय : आयर्नवुल्फ. त्याच्यात खोट नाही, पण १९९ समोरचा तो आकडा दर वेळी डोळ्यांना खुपतो.