जांभूळ बी चूर्ण: माल चांगला, पाकिटावरचा दावा फुगवलेला

सासूबाईंची साखर हल्ली वर-खाली होते, म्हणून दहीपुलाजवळच्या एका काष्ठौषधीच्या दुकानातून जांभूळ बी चूर्ण आणलं. १०० ग्रॅमला १४० रुपये.

आधी चूर्णाबद्दल. अगदी वस्त्रगाळ आहे. जिभेवर ठेवताच तुरट लागतं आणि घसा आवळल्यासारखा होतो, म्हणजे बी जुनं नाही. दाताखाली कचकच नाही. इथवर तक्रार नाही.

तक्रार पाकिटाच्या मागच्या ओळीबद्दल आहे: ‘प्राण्यांवरील चाचणीत दीर्घकाळ सुरक्षित सिद्ध’. फार्मसी कॉलेजच्या अ‍ॅनिमल हाउसमध्ये, म्हणजे चाचणीचे प्राणी ठेवतात तिथे, माझी सगळी नोकरी झाली, रॅटना (मोठ्या उंदरांना) तोंडातून नळीने औषध द्यायचं आणि दर आठवड्याला वजनं लिहायची. त्यामुळे असं काही छापलेलं दिसलं की मी पहिल्यांदा विचारते, किती दिवस?

दुकानदार काका बिचारे सज्जन. “ताई, आजवर असं कोणी विचारलं नाही,” म्हणत त्यांनी कंपनीला फोन लावला आणि रिपोर्ट व्हॉट्सॅपवर आला. उघडून पाहिला तर ओईसीडी ४२३. ओईसीडी ही आंतरराष्ट्रीय संघटना, अशा चाचण्या कशा करायच्या याचे तिचे क्रमांक दिलेले नियम असतात. ४२३ म्हणजे एकदाच डोस द्यायचा आणि १४ दिवस लक्ष ठेवायचं. एका टप्प्यात ३ रॅट माद्या. इथे डोस किलोमागे २००० मिलिग्रॅम, एकही मेली नाही. रॅटचा डोस माणसाला लावताना ६.२ ने भागतात. ६० किलोच्या माणसाला तो १९ ग्रॅमच्या आसपास येतो. तेवढं कोणी एकदम खाल्लं तर जिवावर बेतण्याची शक्यता कमी, हे कळलं. चांगलंच आहे. पण सासूबाई ते एकदम नाही, रोज सकाळ-संध्याकाळ घेणार आहेत!

रोज घ्यायच्या औषधासाठी ९० दिवसांची चाचणी असते, ओईसीडी ४०८. निदान तीन डोस, शिवाय तुलनेसाठी औषध न दिलेला एक गट. प्रत्येक गटात १० नर, १० माद्या. शेवटी यकृत-मूत्रपिंडाचा बिघाड दाखवणारे रक्तातले एसजीपीटी, क्रिएटिनिन बघायचे, यकृत-मूत्रपिंड तोलायचे, त्यांचे काप सूक्ष्मदर्शकाखाली घालायचे. वरून रॅट टुणटुणीत दिसतो, खातो-पितो, आणि कापात यकृताच्या पेशी फुगलेल्या असतात. बिघाड कळतो तो तिथे. वर्षभराची चाचणीही असते, ४५२ क्रमांकाची. या रिपोर्टात यातलं काहीच नाही. शिवाय चाचणी बियांच्या पाण्यातल्या अर्काची आणि पाकिटात अख्ख्या बियांचं चूर्ण. दोन्ही एक कसं धरायचं?

कायद्याने बघाल तर ग्रंथोक्त, म्हणजे आयुर्वेदाच्या ग्रंथांत दिलेल्या औषधाला, ग्रंथातल्याच उपयोगासाठी विकायचं असेल, तर सहसा सुरक्षेचा वेगळा अभ्यास मागत नाहीत. बिब्बा, गुंज, कुचला यांसारखी विषारी द्रव्यं असतील तर गोष्ट वेगळी. तेव्हा कंपनीला ही ओळ छापायची गरजच नव्हती. ‘पारंपरिक वापरातलं चूर्ण’ एवढं लिहिलं असतं तरी मी घेतलंच असतं. आणि नुसतं ‘बी आहे, झाडपाल्याचं आहे’ यावर कोणी जाऊ नये. बावचीचं बी घेतलेल्यांच्या यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत.

आणखी एक. चाचणीतले रॅट तरुण, ठणठणीत, दुसरं कुठलंही औषध न घेणारे. आमच्या सासूबाई साखरेची गोळी घेतात. वर हे चूर्ण गेलं की साखर फार खाली जाऊ शकते, म्हणून डॉक्टरांना सांगूनच सुरू केलंय. घरच्या ग्लुकोमीटरवर नोंदीही ठेवते. पाकिटावर याबद्दल एक शब्द नाही.

चूर्णाला पाचात चार, मजकुराला एक. काकांच्या वागण्याला मात्र पूर्ण पाच. पुढच्या वेळी माल भरताना कंपनीला ९० दिवसांचा रिपोर्ट मागतो म्हणाले. त्यांच्याकडे सुटं बीसुद्धा मिळतं, स्वस्त पडतं आणि त्यावर कसलाच दावा नसतो. फक्त पाव किलोच्या खाली देत नाहीत, आणि ते घरच्या मिक्सरमध्ये दळताना भांड्याचं पातं बोथट होतं. गाडी घेऊन जाऊ नका, त्या गल्लीत लावायला जागाच नाही.