गेटवेला वळसा घालणारा स्पॅम: फायरवॉलवर अडवावा की मेल सर्व्हरवर?

महापे किंवा वागळे इस्टेटच्या ऑफिसात स्वतःचा मेल सर्व्हर असेल, तर नुसता एमएक्स रेकॉर्ड (डोमेनचा मेल कुठे पोचवायचा ते सांगणारी नोंद) गेटवेकडे, म्हणजे मेल आधी तपासून स्पॅम गाळणाऱ्या सेवेकडे, वळवून भागत नाही. स्पॅमवाले गेटवेला टाळून थेट सर्व्हरच्या आयपीवर पोर्ट २५ (सर्व्हर एकमेकांना मेल देतात ते दार) गाठतात.

फायरवॉलमध्ये पोर्ट २५ फक्त गेटवेच्या आयपींना उघडा. काम थोडक्यात होतं, सर्व्हरवर भार नाही. पण अडवलेला मेल कोणाचा, कोणाला, ते कळत नाही. आयपीव्ही६चा (नव्या पद्धतीच्या आयपी पत्त्यांचा) वेगळा नियम तर हमखास विसरतो.

पोस्टफिक्समध्ये (हे मेल सर्व्हरचं सॉफ्टवेअर) गेटवेच्या आयपींची तीच यादी लावली, तर लॉगमध्ये पाठवणारा आणि घेणारा दोन्ही दिसतात. सुरुवातीला नकाराचा कोड ४५० (तात्पुरता नकार) ठेवा: गेटवेचा एखादा आयपी यादीत घालायचा राहिला असेल, तर मेल गेटवेच्या रांगेत थांबतो. ५५४ (कायमचा नकार) दिलात की लगेच परत! पोर्ट ५८७ला (आपले लोक लॉगिन करून मेल पाठवतात ते दार) वेगळा नियम हवाच, नाहीतर घरून काम करणाऱ्यांचाच मेल अडेल.

गेटवेचे आयपी क्वचित बदलत असतील, तर फायरवॉल पुरे. तक्रारींचा माग काढायचा असेल, तर पोस्टफिक्स. मायक्रोसॉफ्ट ३६५वर (क्लाउडवरची मेल सेवा) फायरवॉल आपल्या हातात नसते. तिथे इनबाउंड कनेक्टर (येणारा मेल फक्त ठरलेल्या आयपींकडूनच घेण्याची सेटिंग) लावता येतो.