विद्यापीठाचं मोफत समुपदेशन केंद्र : वर्षभराच्या वापरानंतर

पुण्यात शिकायला आलेल्या, हॉस्टेलवर राहणाऱ्या आणि घरून येणाऱ्या पैशांत मेस नि झेरॉक्स भागवणाऱ्यांसाठी हे लिहितेय. बाहेरच्या थेरपिस्टची फी मी विचारून पाहिली होती. एका सेशनला हजार-दीड हजार. दर आठवड्याला जायचं म्हटलं तर मेसचे पैसे त्यातच संपले असते. म्हणून विद्यापीठाच्या केंद्रात गेले आणि एमएस्सीचं शेवटचं वर्षभर जात राहिले. विद्यापीठाचं नाव देत नाही.

आधी चांगलं. काउन्सेलर मॅडम खरोखर चांगल्या होत्या. रात्री तीनपर्यंत डोळा लागत नाही, सकाळी लॅबला जायचं जिवावर येतं, गाइडचा फोन वाजला की पोटात गोळा, ही माझी तक्रार. 'सकारात्मक विचार कर' हे वाक्य ऐकायची तयारी करून गेले होते, ते त्यांनी एकदाही उच्चारलं नाही. पहिल्या भेटीत गोपनीयतेबद्दल नीट सांगितलं : इथलं बोलणं घरी किंवा विभागात जाणार नाही, जिवाला धोका आहे असं वाटलं तरच इतर कुणाला सांगावं लागेल, आणि तेही आधी तुला सांगून. मानसिक आरोग्य सेवा कायदा, 2017 मध्ये रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिलेला आहे, हे मला तिथेच कळलं. मग काम सुरू झालं. झोपेची वही : कधी आडवी झाले, कधी उठले, शेवटचा चहा किती वाजता. गाइडना पाठवायचा जो मेल महिनाभर अडकला होता, तो एका सेशनमध्ये त्यांच्यासमोर बसूनच लिहिला. ऐकायला किरकोळ वाटेल, पण माझं डिसर्टेशन त्या मेलनंतरच हललं.

आता केंद्राबद्दल. सुरुवातीला वेळ अकरा ते चार, म्हणजे नेमकी प्रॅक्टिकलची. दारात टेबल, टेबलावर रजिस्टर. त्यात नाव, विभाग, रोल नंबर आणि चक्क 'भेटीचे कारण' असा रकाना. माझ्या आधीच्याने काय लिहिलंय ते मला दिसायचं, माझं पुढच्याला. बसायचा बाक परीक्षा विभागाच्या खिडकीसमोर, जिथे हॉल तिकिटासाठी अख्खा विभाग रांगेत उभा असतो. त्या बाकापर्यंत येऊन परत गेलेल्या दोघी मला माहीत आहेत.

दुसऱ्या सेमिस्टरला काही मुलांनी पाठपुरावा केल्यावर रजिस्टर गेलं आणि फोनवरून भरायचा फॉर्म आला. आठवड्यातले दोन दिवस संध्याकाळी साडेसातपर्यंत केंद्र उघडं राहू लागलं आणि आत जायला मागचा जिना मिळाला. इतकंच बदललं. लगेच इतकी मुलं येऊ लागली की अपॉइंटमेंटसाठी तीन-तीन आठवडे थांबावं लागायला लागलं! तोवर प्रत्येक बैठकीत 'मुलांना लाज वाटते, म्हणून ती येत नाहीत' असं सांगितलं जायचं. लाज वाटत असेलही, पण मुलांना अडवत होतं ते रजिस्टर. 10 ऑक्टोबरला जागतिक मानसिक आरोग्य दिनाची रांगोळी स्पर्धा मात्र दोन्ही वर्षी वेळेवर झाली.

एवढ्या मुलांना एकच काउन्सेलर. शंभर किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या संस्थेने किमान एक प्रशिक्षित समुपदेशक नेमावा, असं सर्वोच्च न्यायालयाने जुलै 2025 मध्ये सांगितलं. आमच्याकडे हजारो मुलं असूनही 'किमान' हाच आकडा धरलेला दिसतो. त्यात नेमणूक अकरा महिन्यांच्या करारावर. वर्षाच्या मध्येच करार संपला, मॅडम गेल्या आणि नव्या आलेल्यांना सगळी कहाणी पुन्हा पहिल्यापासून सांगावी लागली. नव्याही वाईट नव्हत्या. पण आपलं दुखणं दुसऱ्यांदा मांडताना माणूस ते उरकून टाकतो, निदान मी टाकलं. दिवाळीत आणि उन्हाळ्यात केंद्र बंद. घरी जाऊन 'पुढे काय ठरवलंस?'ला तोंड द्यायचे दिवस तेच, आणि नेमकी तेव्हाच दाराला कडी.

त्या दिवसांत टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा उपयोग झाला. 14416 हा केंद्र सरकारचा क्रमांक आहे, ऑक्टोबर 2022 पासून सुरू. चोवीस तास, मोफत, आणि मराठीतूनही बोलता येतं. हॉस्टेलवर खरी अडचण बोलायला जागा मिळण्याची. खोलीत रूममेट, पॅसेजमध्ये सगळं ऐकू जातं, म्हणून मी गच्चीवर जायचे. ज्यांना तेही जमत नाही त्यांनी मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेची 'आयकॉल' सेवा पाहावी, तिथे ईमेलवरही लिहिता येतं. मात्र हेल्पलाइन ही त्या रात्रीपुरती. दर आठवड्याला त्याच माणसासमोर बसून सोडवायचा गुंता तिथे सुटेल अशी अपेक्षा ठेवू नका.

गोळ्यांबद्दल बरेच जण विचारतात. काउन्सेलर औषध लिहून देत नाहीत. मला चिठ्ठी देऊन सरकारी रुग्णालयाच्या मनोविकार ओपीडीत पाठवलं. केसपेपर, रांग, अर्धा दिवस मोडला. पण डॉक्टरांनी नीट तपासलं आणि परिणाम दिसायला काही आठवडे लागतात, मध्येच स्वतःहून बंद करू नकोस, हे आधीच बजावलं. हे माहीत नसतं तर मी आठवड्याभरात गोळ्या सोडल्या असत्या.

जाणार असाल तर परीक्षा तोंडावर येण्याआधी फॉर्म भरा. सबमिशनच्या महिन्यात वेळ मिळत नाही. पहिल्याच भेटीत विचारा की काउन्सेलर किती महिने आहेत आणि बदलल्यास तुमच्या नोंदी, तुमची हरकत नसेल तर, पुढच्यांकडे जातील का. जीव द्यावासा वाटत असेल तर मात्र फॉर्मच्या नादी लागू नका. त्याच क्षणी 14416 लावा किंवा कुणाला तरी सोबत घेऊन जवळच्या रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत जा.

पाचपैकी काउन्सेलरना साडेचार, केंद्राला अडीच. दिवाळीत उघडं ठेवलं तर तीन देईन.