'द फोटोग्राफ ॲज कंटेम्पररी आर्ट': आठ महिन्यांच्या वापरानंतर

कला म्हणून काढलेल्या आजच्या फोटोंवरच्या शार्लट कॉटन यांच्या या पुस्तकाची 2020 ची चौथी आवृत्ती मी दिवाळीत घेतली. नाशिकला माझा छोटा स्टुडिओ आहे. लग्नं, बारशी, पासपोर्ट फोटो, सराफांचे कॅटलॉग. पुस्तक काउंटरवरच असतं, गिऱ्हाईक नसलं की उघडते.

फोटोग्राफरांची विभागणी इथे देशानुसार नाही, सालानुसारही नाही. फोटो कोणत्या विचाराने घडवला, त्यावर प्रकरणं पाडली आहेत, आणि मला ते उपयोगी पडलं ते याच मांडणीमुळे. जेफ वॉल या कॅनडाच्या फोटोग्राफरचा 'इन्सोम्निया' (1994) बघा. रात्रीचं स्वयंपाकघर, टेबलाखाली आडवा झालेला माणूस. मला वाटलं, नेमक्या वेळी कुणीतरी कॅमेरा घेऊन तिथे होतं. सगळं रचलेलं आहे हे कळल्यावर मी कपाटाचं एकेक दार, एकेक सावली पुन्हा पाहिली. लग्नात हार घालताना फोटो हुकला तर आम्हीही तो परत घालायला लावतो, पण रचलेल्या क्षणात इतकं सत्य भरता येतं हे माहीत नव्हतं.

फिश्ली आणि वाइस या स्विस जोडीने भाज्या, किसणी, बाटल्या एकमेकांवर तोलून त्या कोसळायच्या आत फोटो काढले. ते पाहून मी दागिने मखमलीवरून उचलून पितळी वाटीच्या काठावर ठेवायला लागले. सराफांना आवडलं.

सर्वात जास्त अडकले ती घरगुती आयुष्याच्या प्रकरणात. इंग्लंडच्या रिचर्ड बिलिंगहॅमने दारूत बुडालेल्या वडिलांचे, आईचे आणि त्या कोंदट घराचे फोटो काढले. साधी फिल्म, तोंडावर फ्लॅश. मुळात तो चित्रकलेचा विद्यार्थी. हे फोटो चित्रांसाठी संदर्भ म्हणून काढलेले. त्यात दया दाखवलेली नाही आणि तिरस्कारही नाही, फक्त रोज सोबत राहणाऱ्याची नजर आहे. माझे वडील अर्धांगवायू झाल्यापासून तीन वर्षं घरीच आहेत. दुसऱ्यांच्या घरचे हजारो फोटो काढले, त्यांचा एकही नव्हता. जानेवारीत पहिला काढला, त्यांना विचारून.

उणीवही सांगते. बहुतेकांच्या वाट्याला एखादाच फोटो आणि एखादा परिच्छेद आला आहे. इंग्रजी जड आहे, काही वाक्यं मला तीनदा वाचावी लागली. आणि आकार! जर्मनीच्या आंद्रेयास गुर्स्कीसारख्याचं काम हातात मावणाऱ्या पानावर कळत नाही. त्याचा 'ऱ्हाईन 2' फ्रेमसह साडेतीन मीटरहून रुंद आहे, त्यापुढे उभं राहावं लागतं. म्हणून हे पुस्तक एकटं वाचू नये. ज्याचं नाव मनात राहील, त्याची पूर्ण मालिका शोधून पाहावी.

अशाच शोधाशोधीत भारतीय फोटोग्राफर गौरी गिल यांची 'ॲक्ट्स ऑफ अपिअरन्स' ही फोटोमालिका सापडली. 2015 पासून त्यांनी जव्हारच्या कोकणा आणि वारली मुखवटे करणाऱ्यांसोबत हे काम केलं. बोहाड्यातले, म्हणजे मुखवटे घालून नाचायच्या आदिवासी उत्सवातले, देवादिकांचे मुखवटे आम्हा नाशिककरांना नवे नाहीत. इथे मात्र कागदाच्या लगद्याचे मुखवटे साध्या माणसांचे, प्राण्यांचे, घरातल्या वस्तूंचेसुद्धा आहेत. ते घालून गावातलीच माणसं रोजचे प्रसंग उभे करतात, आणि काय उभं करायचं हे त्यांच्यासोबत ठरतं. मी कितीदा जव्हारवरून गेले असेन, आणि ही मालिका पाहिली ती न्यूयॉर्कच्या संग्रहालयात लागल्यानंतर कित्येक वर्षांनी, मोबाइलवर. याची रुखरुख आहे.

मग वडिलांना मी विचारलं, तुम्हाला कसं दिसायचंय? बोलायला त्यांना वेळ लागतो. म्हणाले, खुर्चीत, इस्त्रीचा सदरा घालून, कॅमेऱ्याकडे न बघता. आता एकूण 43 फोटो झालेत. प्रिंट करायचे कोणते, ते रविवारी जेवणानंतर आम्ही दोघं मिळून निवडतो. आत्तापर्यंत सहा ठरलेत.