डोनर आणि पेशंट: आधीच ओळख करून घ्यावी की अनोळखीच राहावं?

बोनमॅरो किंवा किडनीसाठी डोनर म्हणून नाव दिलं असेल किंवा घरात कुणाला डोनर हवा असेल तर हा प्रश्न येतोच, की समोरच्याला आपली किती माहिती द्यायची.

बोनमॅरो (हाडातला मगज) किंवा स्टेमसेल (रक्त तयार करणाऱ्या पेशी) द्यायला तयार असलेल्या अनोळखी लोकांच्या यादीतून, म्हणजे रजिस्ट्रीतून, मॅच मिळाला तर सुरुवातीला दोघांनाही एकमेकांचं वय आणि स्त्री की पुरुष यापलीकडे फारसं काही कळत नाही. पत्र लिहिता येतं, पण रजिस्ट्रीचे किंवा हॉस्पिटलचे कोऑर्डिनेटर ते वाचून नाव, गाव, हॉस्पिटल सगळं खोडतात आणि मगच पुढे पाठवतात. बऱ्याच देशांत एक-दोन वर्षांनी दोघांची लेखी संमती असेल तर नावं कळतात, काही देशांत कधीच नाही. ज्याने जीव वाचवला त्याला साधं भेटताही येत नाही याचं पेशंटला खूप वाईट वाटतं, ते खरंच आहे. पण यात डोनरला मोकळेपणाने नाही म्हणता येतं आणि माझ्या मते हीच सगळ्यात मोठी गोष्ट आहे, कारण आजार उलटला तर त्याच डोनरकडे परत मागणी जाऊ शकते आणि तेव्हा पेशंटच्या मुलांचे फोटो मोबाईलमध्ये असतील तर नाही कसं म्हणणार? आणि नाही म्हणायचंच असेल तर ते वेळेत म्हणता आलं पाहिजे, पेशंटचा स्वतःचा बोनमॅरो संपवणारी ट्रान्सप्लांटआधीची जोरदार केमो सुरू झाल्यावर डोनर मागे हटला तर थेट जीवावर बेततं.

भाऊ किंवा मैत्रीण किडनी देतेय तिथे नाव लपवायचा प्रश्नच नाही. भरवसा असतो, धीर असतो, पण घरच्यांचं प्रेशरही असतं. तिथे रिपोर्ट तरी वेगळे ठेवा. तपासणीत डोनरला हिपॅटायटिस किंवा एचआयव्ही निघू शकतो, टिश्यू टायपिंगमध्ये (दोघांचा मेळ बसतो का बघायची तपासणी) रक्ताचं नातंच नाही असंही कळू शकतं, ते आधी फक्त डोनरला कळायला हवं. म्हणूनच डोनरशी एकट्याशी बोलतात, आणि त्याने माघार घेतली तर बऱ्याच टीम घरच्यांना ‘डोनर योग्य नाही’ एवढंच सांगतात.

सोशल मीडियावर पेशंटचे रिपोर्ट आणि घरचा नंबर टाकून डोनर शोधणं मात्र मला अजिबात पटत नाही, अवयवांचे दलाल तिथूनच गाठतात. ब्लड ग्रुप आणि हॉस्पिटलच्या कोऑर्डिनेटरचा नंबर त्यांना विचारून टाका, तेवढं पुरतं.

म्हणजे डोनर अनोळखी असेल तर आधी ओळख नकोच, घरातला असेल तर ओळख राहू दे पण फाईल वेगळी. आणि सॅम्पल द्यायच्या आधीच विचारून घ्या की माझी कोणती माहिती पलीकडे जाणार, आणि मी मागे हटलो तर त्यांना नेमकं काय सांगणार.