पायलटच्या मुलाखतीची तयारी: प्रश्नसंच की जोडीदार?

मुलाखतीचं बोलावणं आलं की हातात तीन-चार आठवडे असतात, कधी त्याहूनही कमी. लायसन्स, रेटिंग, उड्डाणाचे तास सगळ्यांकडेच असतात. प्रश्न एवढाच, की हे दिवस कशात घालवायचे. एक वाट म्हणजे हातोहात फिरणारे प्रश्नसंच एकट्याने घोटायचे. दुसरी म्हणजे जोडीदार गाठून समोरासमोर बसायचं आणि मोठ्याने, तोंडी तयारी करायची. मी दोन्ही करून पाहिल्या आहेत.

प्रश्नसंचाचा मोठा फायदा म्हणजे थोड्या वेळात बरंच काही नजरेखालून जातं. आरव्हीएसएम (उंचावर विमानांमधलं उभं अंतर कमी ठेवायची पद्धत) फ्लाइट लेव्हल, म्हणजे शेकडा फुटांत, २९० ते ४१०. होल्डिंगचा, म्हणजे हवेत घिरट्या घालत थांबण्याचा, आउटबाउंड लेग (दूर जाणारा टप्पा) १४,००० फुटांपर्यंत १ मिनिट, त्यावर दीड. टायरमधल्या हवेच्या दाबाच्या (पीएसआय) वर्गमुळाला ९ ने गुणलं की हायड्रोप्लेनिंगचा, म्हणजे चाकं पाण्यावर तरंगून घसरण्याचा, वेग नॉटमध्ये, म्हणजे २०० पीएसआयला सुमारे १२७. असले आकडे पाठच करावे लागतात, त्यासाठी दुसऱ्याची संध्याकाळ खर्ची घालण्यात अर्थ नाही. पहिली चाळणी पर्यायी प्रश्नांची लेखी परीक्षा असेल, तर तिच्यासाठी बेधडक प्रश्नसंच घ्या.

खटकलं ते पुढे. प्रश्नसंचातलं उत्तर नेमकं तिथे संपतं जिथून मुलाखत सुरू होते. टेकऑफच्या धावेतल्या व्ही-वन या वेगाचंच पाहा. बऱ्याच संचांत ‘निर्णय घेण्याचा वेग’ एवढंच लिहिलेलं असतं. हे अपुरं आहे. थांबायचं असेल तर थांबण्याची पहिली कृती व्ही-वनपर्यंत झालेली असायला हवी, त्या वेगाला विचार सुरू करून चालत नाही. समजा, हे तुम्ही नीट सांगितलंत. समोरचा कॅप्टन विचारतो, ओल्या धावपट्टीवर व्ही-वन कमी का घेतात? ब्रेक कमी धरतात, थांबायला अंतर जास्त लागतं, म्हणून टेकऑफ सोडायचा तर कमी वेगातच सोडावा लागतो. ठीक. मग तिसरा प्रश्न येतो: त्या कमी वेगाला इंजिन गेलं आणि तुम्ही टेकऑफ चालू ठेवलात, तर एका इंजिनावर वेग वाढवायला जास्त धावपट्टी लागेल, ती कुठून आणली? उत्तर असं, की कोरड्या धावपट्टीच्या हिशेबात टेकऑफच्या अंतराच्या शेवटी गाठायची म्हणून धरलेली ३५ फुटांची उंची ओल्यासाठी १५ फुटांवर आणलेली असते. शिवाय थांबण्याच्या अंतरात रिव्हर्स थ्रस्ट (इंजिनाचा झोत पुढे वळवून वेग कमी करणं) धरायची मुभा असते, त्यामुळे व्ही-वन फार खाली न्यावा लागत नाही. ही साखळी कागदावर वाचताना सगळं येतंय असं वाटतं. तोंडाने सांगायला गेलं की दुसऱ्या ‘का’ला जीभ अडते. माझा कौल फिरला तो या एका गोष्टीमुळे.

जोडीदाराबरोबरची बैठक कशी असावी? एकाने २५ मिनिटं विचारायचं, मग अदलाबदल. पहिलं उत्तर दीड मिनिटात संपवायचं. प्रत्येक उत्तरावर विचारणाऱ्याने निदान दोनदा ‘का’ विचारायचं आणि एकदा मध्येच तोडायचं. टीकॅसचं, म्हणजे विमानांची टक्कर टाळणाऱ्या यंत्रणेचं घ्या. आरए, म्हणजे वर किंवा खाली जाण्याचा तिचा आदेश आला आणि कंट्रोलर उलटं सांगतोय, तर आरए पाळायचा, हे सगळ्यांना पाठ असतं. का पाळायचा, तर दोन्ही विमानांतली टीकॅस ट्रान्सपॉन्डरमार्फत आपसांत ठरवून एकाला वर आणि दुसऱ्याला खाली पाठवतात. एकाने ऐकलं नाही तर दोघं एकाच दिशेला जातात. २००२ साली जर्मनीतल्या युबरलिंगेनवर तेच झालं, दोन विमानं हवेत आदळली आणि ७१ जीव गेले. एवढं बोलून झालं की जोडीदाराने विचारावं, ‘रेडिओवर नेमकं काय म्हणाल?’ इथे ‘टीकॅस आरए’ हे शब्द न चाचरता बाहेर पडले पाहिजेत.

टेबलावर कोरा कागद हवाच. डच रोल, म्हणजे विमानाचं नाक आणि पंख एकाच वेळी इकडून तिकडे डोलणं, काढून दाखवायला सांगा. स्वेप्ट विंगच्या, म्हणजे मागे झुकलेल्या पंखांच्या विमानाचं नाक उजवीकडे वळलं की डावा पंख पुढे येतो, वाऱ्याला जास्त सरळ सामोरा जातो, त्याची लिफ्ट वाढते आणि विमान उजवीकडे कलतं. ड्रॅगही त्याचाच वाढतो, म्हणून नाक डावीकडे ओढलं जातं. वाचताना हे सोपं वाटतं, पण काढायला बसलं की हमखास चुकीचा पंख पुढे येतो.

मध्येच तोंडी गणितही टाकावं: ३५,००० फुटांवरून ३,००० वर यायचंय, उतरायला किती आधी सुरुवात कराल? दर हजार फुटांना तीन मैल, म्हणजे ३२ त्रिक ९६ मैल, वेग कमी करायला आणखी दहाएक. मागचा वारा असेल तर त्याहून जास्त. शांत खोलीत हे कुणालाही जमतं, समोर कुणी घड्याळ धरून बसलं की वेगळं होतं.

जोडीदाराच्या वाटेलाही खोडी आहेत. दोघांचंही चुकलं तर तीच चूक पक्की होते, म्हणून वाद झालेला प्रत्येक मुद्दा त्याच रात्री मूळ पुस्तकात किंवा मॅन्युअलमध्ये बघायचाच. मान डोलावणारा मित्र उपयोगाचा नाही. दोघांच्या वेळा जुळवण्यात दिवस जातात, हेही खरं.

एचआरच्या भागात मात्र मला तुलनाच होऊ शकेल असं वाटत नाही. कॉकपिटमधल्या मतभेदाचा प्रसंग सांगताना आपण ‘आम्ही ठरवलं, आम्ही वळलो’ असं बोलत राहतो, आणि पॅनेलला ऐकायचं असतं की तुम्ही काय केलंत. हे स्वतःचं स्वतःला ऐकू येत नाही, दुसऱ्याला येतं. लॉगबुकचंही तसंच. जोडीदाराच्या हातात ते द्या आणि मधलंच पान उघडायला सांगा: हे डायव्हर्जन (दुसऱ्याच विमानतळावर जाणं) कशामुळे, इंधन किती उरलं होतं, आज परत तसंच कराल का? बेरजाही त्याच्याकडूनच तपासून घ्या. अर्जातले पीआयसी (विमानाचा प्रमुख म्हणून उडवलेले) किंवा इन्स्ट्रुमेंटचे (केवळ उपकरणांवर उडवलेले) तास लॉगबुकशी जुळले नाहीत, तर मुलाखतीची पहिली १० मिनिटं खुलासा करण्यातच जातात.

महिनाभर हातात असेल तर, माझ्या मते, पहिले आठ-दहा दिवस प्रश्नसंच आणि नंतर आठवड्यातून तीनदा जोडीदार. आठवडाच असेल तर मी प्रश्नसंचातले फक्त आकडे उचलेन आणि रोज संध्याकाळी बोलायला बसेन. कुणाला याच्या उलट मानवतही असेल. जोडीदार मिळतच नसेल तर उत्तर फोनवर रेकॉर्ड करा, दुसऱ्या दिवशी ऐका, आणि जिथे ‘का?’ विचारावंसं वाटेल तिथे थांबवून पुढचं उत्तर लगेच मोठ्याने द्या.